ग्रंथव्यवहारातील मत्स्यन्याय

जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील लरेडो या शहरातले पुस्तकांचे शेवटचे दुकान बंद झाले. लरेडो म्हणजे आडवळणाचे खेडे नव्हे. मेक्सिकोच्या सरहद्दीवर, रिओ ग्रांद नदीच्या काठी वसलेले ते सव्वादोन लाखांहून अधिक वस्तीचे शहर. तेथील एका मॉलमध्ये ‘बी. डाल्टन’ या साखळी कंपनीचे दुकान होते. ते बंद झाल्यावर दुकानात जाऊन नवे पुस्तक घ्यावयाचे, तर सुमारे दीडशे मैलांवरील सॅन अँटोनिओ गाठणे भाग होते. शाळेतल्या मुलांनी मालक कंपनीला पत्रे लिहून दुकान चालू ठेवण्याची विनवणी केली. दुकान तोट्यात नसल्याचे त्या वेळी सांगितले गेले होते. तरीही ते वाचले नाही, कारण ज्या साखळीचा तो दुवा होता ती साखळीच गुंडाळण्याचा निर्णय न्यूयॉर्कच्या ‘बार्न्स अँड नोबल’ या मालक कंपनीने घेतला होता. एवढ्या मोठ्या शहरात पुस्तकाचे एकही दुकान असावे की नसावे, याचा निर्णय त्या शहरात झालाच नाही.

या घटनेचे दोन सोपे खुलासे सर्वत्र ऐकावयास मिळतात. लोकांची वाचनाची आवड आटली, हा एक. यंत्रयुग पुढे सरकले, घरबसल्या पुस्तक मागविता येऊ लागले, तेव्हा दुकाने जाणारच, हा दुसरा. दोन्ही खुलाशांत एक सोय आहे. त्यांत कोणीच जबाबदार ठरत नाही. वाचक तरी दोषी ठरतो किंवा काळ तरी. परंतु अमेरिकेच्या मॉलमधील पुस्तकविक्रीच्या साखळ्या कशा जन्मल्या, कशा फोफावल्या आणि कशा मेल्या, हा सुमारे पाऊणशे वर्षांचा इतिहास नीट तपासला, तर त्यामागे भांडवलाचा परिचित व्यवहार दिसू लागतो.

या साखळ्यांतील सर्वांत मोठी ‘वॉल्डनबुक्स’. तिचा उगम १९३३ सालचा, म्हणजे महामंदीच्या ऐन तडाख्यातला. लॉरेन्स हॉइट आणि मेल्विन काफ्का या दोघांनी कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे एका मोठ्या दुकानाच्या कोपऱ्यात भाड्याने पुस्तके देण्याचे वाचनालय थाटले. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूस दिवसाला काही सेंट देऊन ते घरी नेई. नाव घेतले ते हेन्री डेव्हिड थोरो ज्या तळ्याकाठी साधेपणाने राहिला त्या वॉल्डनचे. ज्याचा सविनय कायदेभंगावरील निबंध गांधीजींनी वाचला होता, त्याच थोरोच्या तळ्याचे नाव पुढे अर्धशतकभर अमेरिकेतील झगझगीत बाजारसंकुलांच्या पाट्यांवर झळकले.

भाड्याचा धंदा पहिल्यांदा हादरला तो स्वस्त पुस्तकांमुळे. १९३९ पासून पंचवीस सेंटना मिळणारी कागदी बांधणीची खिशातली पुस्तके बाजारात आली. पंचवीस सेंटना पुस्तक कायमचे आपले होत असेल, तर भाडे कोण देणार? कंपनीने हळूहळू विक्रीकडे मोहरा वळविला आणि १९६२ साली पिट्सबर्गच्या नॉर्थवे मॉलमध्ये तिचे निव्वळ विक्रीचे पहिले दुकान उघडले.

मॉलचीही कथा येथेच पाहिली पाहिजे. मिनेसोटा राज्यातील इडायना येथे १९५६ साली ‘साउथडेल’ हे पूर्णतः बंदिस्त आणि वातानुकूलित असे पहिले बाजारसंकुल उभे राहिले. त्याचा वास्तुशिल्पी व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा. तरुणपणी तो तेथील समाजवादी चळवळीत होता, राजकीय नाट्यप्रयोग करीत होता आणि १९३८ साली नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत आला होता. मोटारीमुळे विखुरलेल्या उपनगरांना गावाचा चौक परत मिळावा, बाजाराभोवती घरे, शाळा, दवाखाने, बागा असाव्यात, हे त्याचे स्वप्न होते. प्रत्यक्षात बाजार उभा राहिला आणि त्याच्या भोवती मोटारी उभ्या करण्याची मैदाने पसरली. बाकीचे नकाशावरच राहिले, कारण त्यात नफा नव्हता. ग्रुएन व्हिएन्नाला परतला आणि १९८० साली निधन होण्यापूर्वी त्याने या अपत्याशी आपला संबंध नाही असे जाहीरपणे सांगून टाकले.

मॉल पसरले ते लोकांच्या आवडीमुळे, असेही सरसकट म्हणता येणार नाही. १९५४ च्या अमेरिकन कर संहितेने नव्या इमारतींवर पहिल्या काही वर्षांतच मोठा घसारा दाखविण्याची मुभा दिली. त्यामुळे गावातले जुने दुकान दुरुस्त करण्यापेक्षा शेतजमिनीवर नवे संकुल बांधणे धनिकांना करबचतीचे साधन म्हणून फायद्याचे झाले. १९५६ च्या महामार्ग कायद्याने सरकारी खर्चाने रस्ते बांधले आणि ग्राहकाला त्या संकुलाच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविले. ज्याला खुल्या बाजाराचा चमत्कार म्हणतात, त्याचा पाया सार्वजनिक पैशाने घातलेला होता.

साउथडेल उभारणाऱ्या मिनिॲपोलिसच्या डेटन कंपनीनेच १९६६ साली इडायना येथे ‘बी. डाल्टन’चे पहिले दुकान काढले. पुढल्या वीस वर्षांत वॉल्डन आणि डाल्टन या दोन साखळ्यांनी अमेरिका व्यापली. १९८१ साली वॉल्डनबुक्स पन्नासही राज्यांत दुकाने असलेली पहिली पुस्तकविक्रेती कंपनी ठरली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिची दुकाने बाराशेच्या घरात आणि डाल्टनची आठशेच्या आसपास होती.

या विस्ताराचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेच्या कित्येक लहान शहरांत या साखळ्या येण्यापूर्वी धड पुस्तकाचे दुकान नव्हते. जुनी प्रतिष्ठित दुकाने मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीत असत आणि तेथे पाऊल टाकताना सामान्य कामगार बिचकत असे. मॉलमधल्या दुकानाला उंबरठा नव्हता. भांडी आणि बूट घ्यायला आलेली गृहिणी सहज आत शिरे आणि एखादी कादंबरी किंवा मुलासाठी चित्रांचे पुस्तक घेऊन बाहेर पडे. ग्रंथ हा सामान्यांच्या रोजच्या खरेदीतला पदार्थ झाला, ही सामाजिकदृष्ट्या लहान गोष्ट नव्हती.

तथापि ज्या व्यवस्थेने हे केले, तिच्याच पोटात विनाशाचे बीज होते. मॉलमध्ये जागा चौरस फुटाच्या हिशेबाने मिळते. गर्दी खेचणाऱ्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरला ती जवळजवळ नाममात्र दराने दिली जाते आणि लहान दुकानांकडून ठोक भाडे आणि शिवाय विक्रीचा काही टक्के वाटा घेतला जातो. अशा जागेत जे पुस्तक आठवड्याला दहा प्रती खपते तेच ठेवणे परवडते. वर्षाला दोनच प्रती खपणारे, परंतु वीस वर्षे खपत राहणारे पुस्तक भाडे खाऊन टाकते. डाल्टनने सुरुवातीपासूनच साठ्याच्या हिशेबासाठी संगणक वापरला. कोणते पुस्तक कोठे किती खपले हे मुख्य कचेरीला ताबडतोब कळू लागले. यंत्र चांगलेच होते, पण त्याला विचारलेला प्रश्न एकच होता: काय चटकन खपते?

खरेदीचा निर्णय दुकानातून उठून मुख्य कचेरीत गेला. हजारभर दुकानांसाठी कोणती कादंबरी किती प्रती घ्यावयाची, हे मूठभर खरेदी अधिकारी ठरवू लागले. त्यांचा अंदाज पाहून प्रकाशक पहिल्या आवृत्तीचा आकडा ठरवीत. दर्शनी टेबलावर किंवा दरवाज्याच्या तोंडाशी पुस्तकाचा ढीग मांडण्यासाठी प्रकाशकाकडून ‘जाहिरात साहाय्य’ या गोंडस नावाने पैसे घेतले जात. वाचकाला वाटे, दुकानदाराने निवडून पुढे ठेवलेले हे पुस्तक असावे. वस्तुतः ती जागा विकलेली असे. न खपलेली पुस्तके परत करण्याची मुभा महामंदीपासून होतीच. परतीच्या स्वस्त पुस्तकांची तर फक्त मुखपृष्ठे फाडून पुरावा म्हणून प्रकाशकाकडे धाडली जात आणि उरलेले पुस्तक लगद्याला जाई. लेखकाचे श्रम, छापणाऱ्याचे श्रम आणि कागद यांच्या या नासाडीला ताळेबंदात ‘परतावा’ असे म्हणतात.

केंद्रीकरणाचा राजकीय अर्थ फेब्रुवारी १९८९ मध्ये उघड झाला. सलमान रश्दी यांच्या कादंबरीवरून इराणच्या आयातुल्ला खोमेनी यांनी लेखकाच्या वधाचा फतवा काढला, तेव्हा वॉल्डनबुक्स आणि बी. डाल्टन यांनी आपल्या दुकानांतून ते पुस्तक काढून घेतले. नोकरांच्या सुरक्षिततेची काळजी खोटी नव्हती. लेखकांनी निषेध केल्यावर हा निर्णय बदललाही गेला. परंतु त्या कादंबरीविषयी कोणाचे मत काहीही असो, एक प्रश्न उरतोच. दोन-तीन कचेऱ्यांतून सुटलेल्या आदेशाने एका खंडप्राय देशातील दोन हजार दुकानांच्या फळ्यांवरून एखादे पुस्तक दिवसभरात नाहीसे होऊ शकत असेल, तर त्या देशात सरकारी सेन्सॉर नाही एवढ्यावर समाधान मानता येईल काय? दोन हजार स्वतंत्र दुकानदारांपैकी काही घाबरले असते, काहींनी विरोध म्हणून ते पुस्तक ठेवले नसते आणि काहींनी ते विकले असते. लोकशाहीत विचारांना आसरा मिळतो तो अशा विखुरलेल्या निर्णयांमुळे.

पुस्तकांच्या या दुकानांची मालकीही एव्हाना पुस्तकांपासून दूर सरकली होती. १९६९ साली वॉल्डन एका डिपार्टमेंट स्टोअर कंपनीकडे गेली आणि १९८४ साली केमार्ट या स्वस्त मालाच्या प्रचंड साखळीने ती सुमारे तीस कोटी डॉलरना विकत घेतली. १९८६ साली डेटन कंपनीने डाल्टन विकली आणि ती बार्न्स अँड नोबलच्या हाती आली. नव्या मालकांना मॉलमधील अरुंद दुकानांत पुढचा नफा दिसेना. त्यांनी हमरस्त्याच्या कडेला लाखभर शीर्षकांची अवाढव्य पुस्तकभांडारे काढली. केमार्टने त्यासाठी १९९२ साली मिशिगनमधील ‘बॉर्डर्स’ ही कंपनी घेतली. ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी दोघा भावांनी १९७१ साली काढलेले ते मूळचे चोखंदळ दुकान. केमार्टने वॉल्डन तिच्याशी जोडली आणि स्वतःच अडचणीत आल्यावर १९९५ साली हा सारा व्यवसाय भागबाजारात विकून टाकला.

येथून मॉलमधील दुकानांचा अंत त्यांच्याच मालकांच्या हाताने सुरू झाला. त्यांतून येणारा पैसा नव्या भांडारांच्या उभारणीकडे वळला आणि ही भांडारे अनेकदा त्याच मॉलच्या शेजारी उभी राहिली. लहान दुकानाची मुदत संपली की ते बंद व्हावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. मोठा मासा लहान माशाला खातो हा मत्स्यन्याय सर्वांना ठाऊक आहे. येथे माशाने स्वतःचीच पिले खाल्ली.

या भांडारांच्या सवलतीच्या दरांपुढे स्वतंत्र दुकानदार टिकेना. मोठ्या गिऱ्हाइकाला भेदभावाने कमी दर देऊ नये, असा कायदा अमेरिकेत १९३६ पासून आहे. तो मोडला जातो अशी फिर्याद पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेने १९९४ साली काही प्रकाशकांवर आणि १९९८ साली दोन्ही बड्या साखळ्यांवर गुदरली. साखळ्यांविरुद्धचा दावा २००१ साली सुमारे ४७ लाख डॉलर खर्चापोटी घेऊन मिटवावा लागला. कायदा पुस्तकात होता, पण त्याची अंमलबजावणी करण्याची ऐपत ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्याजवळ नव्हती. १९९५ च्या सुमारास या संघटनेचे साडेपाच हजारांच्या आसपास सभासद होते; २००९ पर्यंत चौदाशेच उरले.

याच सुमारास आणखी मोठा मासा पाण्यात उतरला. १९९५ च्या जुलैत ॲमेझॉनने विक्री सुरू केली. तिच्याजवळ तंत्र होते हे खरे, पण त्याहून मोठ्या दोन गोष्टी होत्या. ज्या राज्यात विक्रेत्याचे प्रत्यक्ष ठिकाण नाही तेथे त्याच्यावर विक्रीकर वसूल करण्याची सक्ती नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली दिला होता आणि तो २०१८ पर्यंत टिकला. कोपऱ्यावरचा दुकानदार ग्राहकाकडून कर घेई; टपालाने येणारे तेच पुस्तक बहुधा करावाचून येई. दुसरी गोष्ट म्हणजे तोटा सोसण्याची ताकद. ॲमेझॉनला पहिला पूर्ण वर्षाचा नफा २००३ साली झाला. लहान दुकानदाराला सलग दोन वर्षे तोटा झाला तर बँक दाराशी येते. येथे भागबाजार आठ-नऊ वर्षे थांबावयास तयार होता, कारण शेवटी मक्तेदारी हाती येईल याची त्याला आशा होती.

बॉर्डर्सच्या चालकांनी तर २००१ साली आपली इंटरनेटवरील विक्रीच ॲमेझॉनकडे सोपविली आणि ती २००८ पर्यंत तशीच ठेवली. महागड्या जागांचे दीर्घ मुदतीचे करार, वाढते कर्ज आणि परदेशांतील विस्तार यांत कंपनी रुतत गेली. जानेवारी २०१० मध्ये डाल्टनची अखेरची दुकाने मिटली आणि त्याच महिन्यात बॉर्डर्सने वॉल्डनची सुमारे दोनशे दुकाने बंद केली. फेब्रुवारी २०११ मध्ये बॉर्डर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. पेंग्विन या एकाच प्रकाशकाचे चार कोटी डॉलरहून अधिक येणे थकले होते. अशा अवस्थेतही कंपनीने अधिकाऱ्यांना टिकवून ठेवण्यासाठी सुमारे ८३ लाख डॉलरपर्यंतचा बोनस मागितला आणि न्यायालयाने तो काटछाट करून का होईना मंजूर केला. सप्टेंबर २०११ पर्यंत उरलीसुरली ३९९ दुकाने संपली आणि सुमारे १०,७०० कामगार घरी बसले. याच कंपनीच्या ॲन आर्बरमधील मूळ दुकानातील कामगारांनी २००३ च्या अखेरीस वेतनासाठी संप केला होता. पुस्तकांची जाण असलेला माणूस दुकानाचे खरे भांडवल असतो, हे त्यांचे म्हणणे होते. चालकांच्या हिशेबात ते भांडवल कधी आलेच नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता कामा नये. वाचकाला पुस्तक स्वस्त मिळाले, मग बिघडले काय? स्वस्ताई गरिबाच्या हिताची नाही काय? आक्षेप वजनदार आहे. मात्र सवलत सर्व पुस्तकांवर समान नव्हती. ती ढिगाने खपणाऱ्या पुस्तकांवर होती आणि ती देता यावी म्हणून छापील किंमत वर चढविण्याकडे कल होता. दुकान मेल्यानंतर सवलत किती काळ टिकवावयाची, हेही उरलेला विक्रेताच ठरवितो. आणि ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, ज्याला कोणते पुस्तक मागवावे हेच ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने घरपोच सवलतीचा अर्थ काय? हवे असलेले पुस्तक टपालाने मागविता येते. ठाऊकच नसलेले पुस्तक हाती लागते ते फळीपुढे उभे राहिल्यावरच.

हा मार्ग अटळ नव्हता, याचा पुरावा फ्रान्समध्ये आहे. तेथेही १९७० च्या दशकात एक बडी साखळी वीस टक्के सूट देऊन लहान दुकानांना जेरीस आणीत होती. १९८१ साली मित्तराँ यांचे समाजवादी सरकार आल्यावर काही महिन्यांतच सांस्कृतिक मंत्री जॅक लांग यांनी कायदा केला: पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि कोणीही तीवर पाच टक्क्यांहून अधिक सूट देऊ नये. त्यामुळे साखळ्या नष्ट झाल्या नाहीत. किमतीच्या मारामारीत इतरांना संपविण्याचे त्यांचे शस्त्र तेवढे काढून घेतले गेले. फ्रान्समध्ये स्वतंत्र पुस्तक दुकानांचे दाट जाळे टिकून राहिले. उलट ब्रिटनमध्ये १९०० पासून चालत आलेला ठरीव किमतीचा करार १९९५ साली मोडला आणि तेथील लहान दुकानांना पुढे सुपरमार्केटांच्या सवलतींशी सामना करावा लागला. तंत्र तिन्ही देशांत तेच होते, कायदे मात्र वेगळे होते.

अर्थात लहान दुकानदाराचे स्तोम माजविण्याचे कारण नाही. तोही नफ्यासाठीच बसलेला असतो आणि त्याच्याकडील नोकराचे वेतन अनेकदा साखळीपेक्षाही तुटपुंजे असते. प्रश्न दुकानाच्या आकाराचा नसून निर्णय कोणाच्या हाती राहतो याचा आहे. २०१९ साली बार्न्स अँड नोबल नव्या मालकांकडे गेल्यावर नव्या चालकांनी दर्शनी जागा प्रकाशकांना विकणे थांबविले आणि काय ठेवावे याचा निर्णय बऱ्याच अंशी त्या त्या दुकानातील माणसांवर सोपविला. नंतर कंपनी पुन्हा नवी दुकाने उघडू लागली. स्वतंत्र दुकानदारांच्या संघटनेची सभासदसंख्याही २०१९ पर्यंत एकोणीसशेच्या जवळ आली होती. वाचक नाहीसा झाला असता, तर हे घडले नसते.

हा प्रवाह महाराष्ट्राच्याही किनाऱ्याला लागलेला आहे. ॲमेझॉनने भारतातील विक्री जून २०१३ मध्ये सुरू केली तीही पुस्तके आणि चित्रपटांपासूनच. १९४८ साली सुरू झालेले आणि मुंबईच्या वाचकांच्या कित्येक पिढ्यांना सवलतीत ग्रंथ देणारे फोर्टमधील ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ २०१८ साली बंद झाले, तेव्हा हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. हळहळ हे धोरण नव्हे. ठरीव किमतीचा कायदा येथे हवा की नको, याची साधी चर्चाही विधिमंडळात वा संसदेत गांभीर्याने होत नाही. १९६७ च्या कायद्याने उभी राहिलेली सार्वजनिक ग्रंथालये अपुऱ्या अनुदानावर दिवस काढतात आणि तेथील सेवक नाममात्र वेतनावर राबतात.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे साहित्यिकांचा विषय म्हणून पाहू नये. ज्या तालुक्याच्या गावी पुस्तक मिळत नाही, तेथे शिबिरातले व्याख्यान हवेत विरते. आपल्या तालुक्यात पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तके ठेवणारी दुकाने किती, ग्रंथालयाला गेल्या वर्षी अनुदान किती आणि केव्हा मिळाले, ग्रंथपालाच्या हाती महिन्याला काय पडते, ही माहिती प्रत्येक शाखेने गोळा करावी आणि ती लोकप्रतिनिधींपुढे ठेवून उत्तर मागावे. लरेडोच्या मुलांनी पत्रे लिहिली ती एका खासगी कंपनीला. तिच्यावर त्यांचा कोणताही हक्क नव्हता, म्हणून ती विनवणीच ठरली. सार्वजनिक ग्रंथालयावर आणि ग्रंथविषयक कायद्यावर नागरिकाचा हक्क चालतो. तो वेळीच बजावला, तर येथल्या मुलांवर तशी पत्रे लिहिण्याची पाळी येणार नाही.